बंद सरकारचा, उपास कामगाराचा

अमेरिकेत 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 असे 43 दिवस केंद्र सरकारचं कामकाज ठप्प होतं. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळतो. 2019 मध्ये तसा कायदाच झाला. पण त्याच कार्यालयांत साफसफाई करणारे, पहारा देणारे, कॅन्टीनमध्ये राबणारे ठेकेदाराचे कामगार त्या कायद्यात बसत नाहीत. त्यांच्या बुडालेल्या दिवसांची हमी कुणीच घेत नाही.

आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तरी लेखानुदानावर सरकारचा खर्च चालू राहतो. मात्र सरकारने अख्खा देश बंद केलेला आपण पाहिला आहे. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता सगळं थांबलं.

मी नवी मुंबईत सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्यासारख्यांनी लॅपटॉप घरी आणले, पगार चालू राहिला. ऐरोली-महापेच्या त्याच इमारतींत चहा देणाऱ्या, लाद्या पुसणाऱ्या, कंपनीची बस चालवणाऱ्या माणसांचं काम घरी नेता येणारं नव्हतं. इमारतीला कुलूप लागलं, त्यांची रोजी गेली. त्यांच्यावर चालणाऱ्या टपऱ्या आणि खानावळीही बसल्या.

बंदच्या काळात कुणाचा पगार कापू नका, असा आदेश केंद्राने 29 मार्चला काढला होता. मालक कोर्टात गेले. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांना आपसात बोलून तोडगा काढायला सांगितलं. ज्याचा मालक कोण हेच कागदावर नाही, त्याने कुणाशी बोलायचं?

पुढे महाराष्ट्र सरकारने मदत दिली. 2020 मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगारांना 2000 रुपये. एप्रिल 2021 च्या निर्बंधांत नोंदणीकृत बांधकाम आणि घरेलू कामगार, अधिकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक यांना 1500 रुपये जाहीर झाले. रक्कम तुटपुंजी होतीच, पण 'नोंदणीकृत', 'अधिकृत', 'परवानाधारक' हे शब्द नीट वाचा. दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणारा, परवान्याविना हातगाडी लावणारा, गॅरेजमधला पोऱ्या यांपैकी कशातच नाही. आपल्या मोहल्ल्यांत अशी माणसं घरोघरी आहेत.

माझा रोजचा संबंध डेटाबेसशी येतो. ज्याची नोंद नाही, तो कुठल्याच अहवालात दिसत नाही. 8 मे 2020 ला जालन्याहून पायी गावाकडे निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. त्यांची संख्या तरी कळली. परतीच्या वाटेवर एकूण किती मजूर मेले, याची माहिती आपल्याकडे नाही, असं केंद्र सरकारने 14 सप्टेंबर 2020 ला संसदेत सांगितलं.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच शहरात रोज चालतो. वाशीच्या बाजार समितीत पोती उचलणाऱ्या माथाडीला एकच मालक नसतो. तरी 1969 च्या माथाडी कायद्यामुळे व्यापाऱ्याला मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरावी लागते; त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपचार मिळतात. माथाडींनी आधी संघटना बांधली, मग कायदा झाला. डिलिव्हरीवाल्यांसाठी असं का नको? 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांसाठी द्यायची तरतूद आहे. ती नोंदणी झालेल्यांपर्यंतच पोहोचेल.

ऑगस्ट 2021 पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू आहे. वय 16 ते 59, पीएफ किंवा ईएसआय नाही, आयकर भरत नाही, अशा कुणालाही मोफत नोंदणी करता येते. तरी आपल्याकडे लोक बिचकतात. 2019-20 च्या एनआरसीच्या चर्चेनंतर 'आधार दे, नाव लिही' म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. ही भीती हवेतून आलेली नाही, तिची टिंगल करू नये. पण ही यादी नागरिकत्वाची नाही, कामाची आहे. तिच्याबाहेर राहून आपण सुरक्षित होत नाही, मदतीच्या वेळी गायब होतो.

2020 च्या रमजानमध्ये आपल्या तरुणांनी रेशनची किट वाटली, जात-धर्म न विचारता. त्याचा अभिमान आहे. पण किट खैरात असते, मजुरी हक्क असतो. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तीच सरकारलाही लागू करायला हवी: ज्या आदेशाने काम थांबेल, त्याच आदेशात बुडालेल्या रोजीची तरतूद असली पाहिजे.

ही मागणी करायला आकडा लागतो, आणि आकडा नावांनी बनतो. तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, फॉर्म भरता येतो. या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या आवारात किंवा वाचनालयात दोन तास बसा. ज्यांचा मोबाइल आधारला जोडलेला आहे त्यांची नोंदणी तिथेच करा, बाकीच्यांना सीएससी केंद्रात घेऊन जा. शेजारच्या हिंदू घरकामवाल्या मावशींनाही बोलवा. पुढचा बंद विचारून येणार नाही.