साक्षीदाराचे डोळे आणि फाशीचा दोर

परवा एका खूनखटल्याची बातमी वाचून आमच्या धर्मग्रामातील एक सुशिक्षित गृहस्थ तावातावाने म्हणाले, “फादर, डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार उभा असताना कोर्टाला इतकी वर्षे लागतातच कशाला? सरळ फाशी द्यावी!” भोवतालच्यांनी माना डोलावल्या. ही मंडळी नुकतीच मिस्सा आटोपून आली होती, म्हणून आम्हांला अधिक वाईट वाटले. पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालिया प्रत्यक्ष प्रभूसमोर उभी असूनही त्याला माळी समजली, हे आपण दर पास्काला ऐकतो. ज्याच्यावर जीव ओवाळला त्याचीही ओळख डोळ्यांना पटली नाही. मग अंधारात, भीतीने थिजलेल्या माणसाने क्षणभर पाहिलेल्या परक्या चेहऱ्याविषयी आपण इतके निःशंक कसे राहतो?

साक्षीदार खोटारडे असतात, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. खोट्या साक्षीवर उपाय आहे. सुझान्नावर कुभांड रचणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना दानीएलाने वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला; दोघांनी दोन निराळ्या झाडांची नावे सांगितली आणि पितळ उघडे पडले. परंतु जो साक्षीदार प्रामाणिकपणे चुकतो, त्याला कितीही उलटसुलट विचारा, तो डगमगत नाही, कारण तो खोटे बोलतच नसतो. न्यायाधीशाला त्याची तळमळ दिसते, आवाजातला कंप ऐकू येतो, आणि आपल्यासारख्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. खरा धोका इथेच आहे.

आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. २००३ साली एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला आणि पाच जणांची निर्घृण हत्या झाली. भटक्या समाजातील सहा गरीब माणसे पकडली गेली. हल्ल्यातून बचावलेल्या साक्षीदारांच्या शब्दावर खटला उभा राहिला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ज्या तिघांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली होती, त्यांनाही. पुढे दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. कारण काय? घटनेनंतर लगेचच एका साक्षीदाराने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांकडे बोट दाखवले होते! त्या चौघांची धड चौकशी झाली नाही, त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची ही किंमत! आणि त्या सहांच्या जागी एखाद्या बंगलेवाल्याचा मुलगा असता, तर ती पहिली ओळख इतकी वर्षे बाजूला पडून राहिली असती काय?

स्मरणशक्ती ही काही कॅमेऱ्यातली फीत नव्हे. प्रत्येक आठवणीसरशी मन ते चित्र नव्याने रंगवते. कोयता रोखलेला असतो तेव्हा नजर कोयत्यावर खिळते, चेहऱ्यावर नव्हे. पुढे पोलीस ठाण्यात फोटो दिसतो, वर्तमानपत्रात दिसतो, कोणी म्हणतो, “बरोबर ओळखलंत हं!” आणि कालचे ‘वाटते’ आजचे ‘खात्रीने’ होऊन बसते.

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात १९८४ साली एका नऊ वर्षांच्या मुलीचा खून झाला. कर्क ब्लड्सवर्थ नावाच्या तरुणाला पाच साक्षीदारांनी तिच्यासोबत किंवा त्या परिसरात पाहिल्याचे सांगितले. एक नव्हे, पाच! १९८५ साली त्याला मृत्युदंड झाला. फेरखटल्यात त्याची जन्मठेप झाली. १९९३ साली डीएनए तपासणीने तो निर्दोष ठरला. तुरुंगातच त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. २००३ साली खरा अपराधी सापडला, तेव्हा कळले की तो दुसऱ्या गुन्ह्यासाठी त्याच तुरुंगात, ब्लड्सवर्थच्या खालच्याच मजल्यावर होता. डीएनए चाचणीमुळे तिथे सुटलेल्या निरपराधांच्या प्रकरणांत दहांपैकी सुमारे सात ठिकाणी साक्षीदारांची ओळख चुकलेली आढळते.

आपल्याकडे खुनासाठी किती साक्षीदार हवेत, याचे बंधन कायद्यात नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमात नव्हते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही नाही. ओळख परेड हा केवळ पुष्टीचा पुरावा. प्रधान मानली जाते ती न्यायालयात पटवलेली ओळख. तिथे पिंजऱ्यात उभा असतो तो एकटा आरोपी. साक्षीदाराने बोट दाखवायचे तरी दुसऱ्या कोणाकडे? तेव्हा पहिल्या ओळखीचे शब्द, तिच्यातील शंकेसह, तिथल्या तिथे लिहून घ्यावेत. दाखवलेले प्रत्येक छायाचित्र न्यायालयापुढे यावे. परेड घेणाऱ्याला संशयित कोणता हे ठाऊकच नसावे, ही मागणी अवाजवी आहे काय? यासाठी पैसा लागत नाही, दानत लागते. आणि केवळ नजरेच्या ओळखीवर कोणाच्या गळ्यात दोर अडकवू नये, हे तर आम्ही ठासून सांगू. आमच्यावर ‘गुन्हेगारांचे कैवारी’ असा शिक्का बसेल, बसू दे. चुकीचा माणूस आत गेला की खुनी बाहेर राहतो, आणि ज्यांचे माणूस गेले त्यांचीही फसवणूक होते, हे शिक्का मारणाऱ्यांनी विसरू नये.

त्या गृहस्थांना आम्ही हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, मला पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात एका चोराला ओळखायला बोलावलंय. जाऊ की नको?”

“अवश्य जा,” आम्ही म्हणालो. “पण त्याआधी कोणाचा फोटो पाहू नका. आणि खात्री नसेल, तर तसे सांगून परत या.”