खेळाचे सर आणि अठरा वर्षांची साखर

शिरूर असो की दौंड, पहाटे रस्त्याच्या कडेने मुले पळताना दिसतात. ही भरतीची मुले. पोलिस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून हा घाम. भरती झाली नाही, वय निघून गेले, की बूट माळ्यावर जातात. मग रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी, येताना वडापाव आणि रात्री मोबाइल. पळणे तिथेच संपते.

‘आम्ही बारीक, आम्हाला कसली साखर?’ असे ही पोरे म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मुलांचा जन्माआधीपासून मागोवा घेतला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळे ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगावर चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. हीच मुले १८ वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर हाताळण्याची क्षमता बिघडलेली आढळली. यांतली जवळजवळ निम्मी मुले वजनाने कमीच होती. म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात, अंगाने काटकुळ्या दिसणाऱ्या बाकांवर हा आजार येऊन बसला आहे.

स्नायू हलले की इन्शुलिनची फारशी वाट न पाहता ते रक्तातील साखर आत घेतात. गोळी सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे औषध ते हेच. आणि ते ज्याच्या हातात आहे तो माणूस डॉक्टर नाही, कॉलेजमधले खेळाचे सर आहेत.

या सरांची कारकीर्द आपण ढाली आणि पदकांवर मोजतो. आंतरमहाविद्यालयीन संघात डझनभर मुले निवडली जातात, उरलेली हजारभर मैदानाच्या कठड्यावर. टेनिसचे तर बोलायलाच नको. बालेवाडीत २०१८ पासून काही वर्षे एटीपी स्पर्धा झाली, जगातले नामवंत खेळाडू आले. शिरूरहून ते मैदान दोन-अडीच तासांवर आणि मनाने त्याहून लांब. टेनिस म्हणजे क्लब आणि पांढरे कपडे, ही समजूत अजून गेलेली नाही.

वास्तविक हा खेळ आयुष्यभर पुरणारा. कोपनहेगनमधील सुमारे साडेआठ हजार लोकांच्या २५ वर्षांच्या पाहणीत टेनिस खेळणारे बैठ्या लोकांपेक्षा ९.७ वर्षे, बॅडमिंटनवाले ६.२, तर जॉगिंग करणारे ३.२ वर्षे अधिक जगल्याचे दिसले. हा आकडा जपूनच वाचावा. टेनिस खेळणारा बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, त्याचाही यात वाटा असणार. तरीही जोडीदार लागणारे खेळ वर आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. समोरचा वाट पाहत असला की माणूस घरी बसत नाही.

खर्चाचे म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने नवशिक्यांसाठी २००७ पासून मऊ, संथ चेंडूंचा प्रसार चालवला आहे. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ. त्याला सुमारे ११ मीटर लांबीचे, म्हणजे बॅडमिंटनच्या कोर्टात मावेल एवढे मैदान पुरते. फरशी किंवा सिमेंटचे अंगण चालते. पन्नाशीच्या बाईलाही पहिल्या दिवशी चार फटके परतवता येतात.

शिरूर तालुक्याला असे काम नवे नाही. वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, कारण डॉक्टर घरोघर पोचत नव्हता. खेळाचे सरही एकटे गावाला पुरणार नाहीत. पण त्यांनी वर्षाला वीस विद्यार्थी शिकवले, आणि त्या वीसांनी संध्याकाळी मैदानावर शेजारपाजारच्यांना घेतले, तर गणित बदलते.

त्यासाठी दोन गोष्टी लागतील. संध्याकाळी पाच ते सात कॉलेजच्या मैदानाचे फाटक गावाला उघडे हवे, आणि सरांचे ते दोन तास नोकरीचे तास म्हणून धरले जावेत. समाजसेवा म्हणून फुकटात मागितलेले काम पहिल्या पावसाळ्यातच बंद पडते. रिकामी पदे आधी भरा, हे तर ओघानेच आले. जून तोंडावर आहे. संस्थाचालकांनी यंदाच्या वेळापत्रकात ते दोन तास घालून पाहावेत.