इंच मोजण्याआधी भिंत बघा

कापूस विकून चार पैसे हाती आले की जळगाव जिल्ह्यात पहूर, जामनेर, शेंदुर्णीकडच्या अनेक घरांत भिंतीवरच्या टीव्हीचा विषय निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोह आणखी वाढला आहे. करापूर्वी २० हजारांचा असलेला संच २५,६०० रुपयांना पडायचा, तो आता २३,६०० ला पडतो. वाचलेले हे दोन हजार आणखी मोठा पडदा घेण्यात घालावेत, असं दुकानात सुचवलं जातं आणि गिऱ्हाइकालाही ते पटतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. बेताच्या पैशात टीव्ही घेणाऱ्यानं आधी भिंत, बसायची जागा आणि वीजजोडणी यांचा खर्च बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत बसेल तो पडदा घ्यावा.

पडद्यावर जादा पैसे टाकून डोळ्यांना काय मिळतं, याचा हिशेब करता येतो. निरोगी डोळ्याला दहा फुटांवरून साधारण पाऊण ते एक मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघणाऱ्याला त्याच मापाच्या फोर-केचा जादा बारकावा दिसूच शकत नाही. शिवाय चित्र येतं कुठून, हेही बघायला हवं. महिन्याचं भाडं नाही म्हणून अनेकजण डीडी फ्री डिश लावतात आणि ते शहाणपणाचंच आहे, पण तिथल्या बहुतेक वाहिन्यांचं चित्र ५७६ ओळींचं असतं. ते फोर-केच्या २१६० ओळींच्या पडद्यावर ताणलं की टीव्ही उरलेल्या ओळी अंदाजानं भरतो, आणि पडदा जितका मोठा तितका चित्रातला धूसरपणा ठसठशीत दिसतो. रोज इंटरनेटवरून उत्तम प्रतीचे सिनेमे बघणाऱ्याची गोष्ट वेगळी. बातम्या, मालिका आणि क्रिकेट बघणाऱ्या घराला लहान खोलीत ३२ इंच आणि मोठ्या खोलीत ४३ इंच फुल एचडी पुरेसा आहे. दुकानात मात्र पडदा समोर उभं राहून पारखू नका. एकदा अगदी कडेला जा, एकदा खाली बसून वर बघा. घरातली सगळी माणसं काही समोरासमोर बसत नाहीत, आणि काही पडद्यांचे रंग तिरकं बघितलं की उडतात.

आता भिंत. खानदेशात जुनी धाब्याची घरं अजून आहेत. त्यांच्या मातीच्या भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून स्क्रू आवळला तर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण आजूबाजूची माती भुरभुरली की सैल होतो. अशा घरात टीव्ही टांगूच नये. सोबत मिळणाऱ्या पायांवर तो बुटक्या, जड टेबलावर उभा करावा, त्यात कसलाही कमीपणा नाही. विटांच्या भिंतीतही भोक गिलाव्यात थांबता कामा नये. गिलावा अर्धा ते पाऊण इंच जाडीचा असतो, गिट्टीची पकड त्याच्या पलीकडे विटेत बसली पाहिजे, आणि भोक दोन विटांमधल्या सांध्यात पडू नये. पुढे ओढता येणारं, वळणारं ब्रॅकेट दिसायला छान असतं, पण टीव्ही भिंतीपासून जितका पुढे येतो तितका वरच्या स्क्रूंवरचा ताण वाढतो. साधं, भिंतीला चिकटून बसणारं किंवा थोडं खाली झुकणारं ब्रॅकेटच बरं.

उंचीच्या बाबतीत तर आपण हमखास चुकतो. दाराच्या चौकटीच्या वर टीव्ही लावला की तो सुरक्षित आणि रुबाबदार वाटतो. पण सतरंजीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात, खुर्चीवरच्याचे साडेतीन-पावणेचार फुटांवर. सहा-सात फुटांवरच्या पडद्याकडे तासन् तास मान वर करून बघण्याची शिक्षा घरातल्या म्हाताऱ्यांना का? खाली लावला तर पोरं बॅट-चेंडू मारतील, हा आक्षेप खरा आहे. त्यावर तोडगा म्हणजे खालची कड अडीच ते तीन फुटांवर ठेवणं आणि समोर कमी उंचीचं कपाट किंवा पेटी ठेवून हात पोहोचणार नाही इतकं अंतर राखणं. जागेअभावी उंच लावावाच लागला, तर झुकणारं ब्रॅकेट घ्या. दाराच्या समोरची भिंतही टाळा, दुपारी पडद्यात उजेडाशिवाय काही दिसत नाही. पत्र्याच्या घरात पश्चिमेची भिंतही नको. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात.

‘कंपनीचा माणूस फुकट येऊन लावून देतो, मग वेगळा खर्च कशाला?’ असं विचारलं जाईल. तो माणूस तुम्ही बोट दाखवाल तिथे भोक पाडतो. घरातली अर्थिंग, सैल सॉकेट, छतावरून आलेली डिशची केबल बघणं त्याचं काम नसतं. बऱ्याच टीव्हींवर मागे १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर कमी दाबासाठी स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही. खरा धोका न्यूट्रलची तार तुटण्याचा. तेव्हा घरात ४०० व्होल्टच्या जवळ दाब येऊ शकतो, आणि साधा स्पाइक गार्ड तो अडवू शकत नाही. जास्त दाब आला की वीज तोडणारं उपकरण बसवून घ्या. विजा कडाडायला लागण्याआधीच प्लगबरोबर डिशची केबलही काढून ठेवा.

राहिला हप्त्यांचा मुद्दा. ‘शून्य टक्के व्याज’ असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीवर मिळणारी सूट सोडावी लागते आणि प्रक्रिया शुल्क भरावं लागतं, तेच व्याज. म्हणून दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, ब्रॅकेट आणि बसवणावळ त्यात आहे का ते बिलावर लिहून घ्या, आणि आपल्या भिंतीला हात लावून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.