ओल पावसाची की टाकीची?

मैत्रिणींनो, लोणावळ्याला राहणाऱ्या आपल्याला ओलीचं काय मोठंसं कौतुक! वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. वळवणचं धरण भरलं की घरातल्या भिंतीसुद्धा भरल्यासारख्या होतात. म्हणूनच संडासाच्या फरशीवर पाणी दिसलं, तर आपण 'पावसाचं असेल' म्हणून फडकं फिरवतो आणि मोकळ्या होतो. मीही दोन श्रावण तेच केलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वहिनी छतावरचा डाग दाखवायला मला हाताला धरून घेऊन गेल्या, तेव्हा डोळे उघडले. चार दिवस आमचं बोलणं नव्हतं हो!

आधी टाकी बाहेरून कोरडी पुसा. दमट हवेत थंड टाकीला घाम येतो. सगळीकडे बारीक थेंब असले तर ते दव. एकाच जोडाशी थेंब जमत असेल तर ती गळती.

मग झाकण काढून आत बघा. मधल्या उभ्या नळीवरून पाणी वाहतंय? मग बॉलकॉकचं दुखणं. तरंगता गोळा थोडा खाली घ्यायचा, म्हणजे पाणी नळीच्या तोंडाखाली इंचभर थांबतं. तसं नसेल तर कपड्यांची नीळ चमचाभर टाकीत घाला आणि अर्धा तास कुणाला जाऊ देऊ नका (मुलांना आधी सांगून ठेवा!). भांड्यात निळं उतरलं, तर तळाचा वॉशर गेला. नळवाले त्याला वायसर म्हणतात. भिंतीतला कॉक बंद करून, जुना नमुना दुकानात नेऊन तसाच आणा. बसायच्या जागेवर क्षार असतील तर आधी घासून काढा, नाहीतर नवा वॉशरही गळेल.

आता टाकी एकदा सोडा. त्यानंतर फरशीवर निळं आलं, तर टाकीकडून भांड्याकडे येणाऱ्या नळीचा जोड बघा. खालच्या छताला डाग असेल तर मात्र स्वतः खटपट नको, भांड्याचा जोड गवंड्याचंच काम.

पाच मिनिटांत एक पेला, एवढीशी गळती दिवसाला सुमारे ५८ लिटर होते, म्हणजे जवळजवळ चार बादल्या. ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे त्यांनी तर अजिबात चालढकल करू नये. पावसाळ्यात आधीच जमीन पाणी पीत नाही, त्यात हे रात्रंदिवस जाणारं पाणी. टाकी तुंबते आणि मैला उलटा वर येतो, ऐन पाहुण्यांच्या शनिवार-रविवारी.

आमचा वॉशर तासाभरात बसला. वहिनींकडचा डाग मात्र दिवाळीच्या रंगापर्यंत तसाच होता, आणि रंगाचे पैसे आम्हीच दिले.