व्यवहाराच्या गोष्टी : नफा वहींत, पैसा उधारींत

दारव्ह्याहून एका भगिनीनें पाठविलेलें पत्र गेले दोन आठवडे आमच्या मेजावर आहे. उत्तरास विलंब झाला तो आळसामुळें नव्हे. प्रश्न साधा दिसत असला तरी त्याचें उत्तर साधें नाहीं, म्हणून. त्यांच्या यजमानांचें बियाणें, खतें व फवारणीचीं औषधें यांचें लहानसें दुकान आहे. माल खपतो, गिऱ्हाईक टिकून आहे, आणि वर्षअखेर वही मिटवितांना नफाही निघतो. असें असून दरवर्षीं मे महिना उजाडला कीं त्यांच्या हातांतील पाटल्या सावकाराकडे जातात आणि संक्रांतीच्या सुमारास परत येतात. यंदा संक्रांत होऊन गेली, पाटल्या आल्या नाहींत. "नफा होतो, तर पैसा जातो कोठें?" एवढेंच त्या विचारतात.

हा प्रश्न एका घरचा नाहीं. यवतमाळ जिल्ह्याचा व्यापार पिढ्यान् पिढ्या कापसाच्या बोंडावर टांगलेला आहे. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्या नांवानें ओळखला जात असे. त्याच्या कापसासाठींच किलिक निक्सन कंपनीची यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. लोक तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणूं लागले. ती गाडी बंद पडली. तिनें वाहिलेल्या पिकाचें वेळापत्रक मात्र बदललेलें नाहीं. मृगाच्या पावसावर पेरणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, आणि त्यापुढें दोन-तीन महिने बाजारांत कापूस. शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो हिवाळ्यांत. दुकानदारास मालाचे पैसे मोजावे लागतात ते उन्हाळ्यांत. मधले सात महिने कोणाच्या तरी पैशानें निभवावे लागतात. आमच्या पत्रलेखिकेच्या घरीं ते त्यांच्या पाटल्या निभवितात.

आतां थोडा हिशेब करूं. सोयीसाठीं आंकडे गोल घेतों. समजा, मे महिन्यांत दुकानदारानें सहा लाखांचा माल भरला व त्याची सर्व रक्कम दरमहा शेकडा दोन रुपये व्याजानें आणली. जूनमध्यें तो माल ६,७२,००० रुपयांस उधार विकला. वहींत ७२,००० रुपये नफा पडला. वसुली मात्र डिसेंबरांत झाली. सहा लाखांवर सात महिन्यांचें व्याज शेकडा चौदा, म्हणजे ८४,००० रुपये. नफा ७२,००० आणि व्याज ८४,०००! दुकानाचें भाडें, वीज व नोकराचा पगार अद्यापि धरलेलाच नाहीं, तरी १२,००० रुपयांची खोट आली. वही खोटें बोलत नव्हती. मालाच्या पानावर नफा खराच होता. परंतु व्याजाचें पान दुकानाच्या वहींत नसून घरच्या कपाटांत, गहाणाच्या चिठ्ठीवर होतें. दोन्ही पानें कोणी शेजारीं ठेवून वाचलीं नाहींत.

आतां याच दुकानांत एक फेरफार करूं. निम्मा माल जूनमध्यें रोखीनें विकला गेला असें धरा. त्या तीन लाखांचें व्याज एकाच महिन्याचें, म्हणजे ६,००० रुपये. उरलेल्या तीन लाखांचें सात महिन्यांचें ४२,०००. एकूण ४८,०००. खोटीच्या जागीं २४,००० रुपये शिल्लक पडली. रोख घेणाऱ्यास शेकडा दोन सूट दिली तरी ती ६,७२० रुपयेच होते, आणि तिच्या बदल्यांत ३६,००० रुपये व्याज वांचतें. आतां दुसरा फेरफार. तेंच भांडवल बँकेकडून द. सा. द. शे. बारा दरानें मिळालें, तर ४८,००० चें व्याज २४,००० होतें, आणि सूट वगळतां शिल्लक दुप्पट होते. विक्री एका रुपयानें वाढली नाहीं. केवळ पैसा लवकर परत आला व स्वस्त मिळाला.

म्हणून लहान दुकानदारानें रोज दोन गोष्टी विचाराव्या : माझा रुपया किती दिवस बाहेर राहतो, आणि त्याचें दिवसास काय भाडें पडतें?

पहिली गोष्ट वसुलीची. उधारी सर्वस्वी बंद करा असा उपदेश करणें सोपें आहे. पण यवतमाळ, दारव्हा, आर्णी, घाटंजी या बाजूस ज्यानें पेढी चालविली आहे तो तसें म्हणणार नाहीं. मात्र येथें एक विलक्षण गोष्ट घडते. दुकानदार वर्षास शेकडा चोवीस दरानें पैसा आणून ज्या शेतकऱ्यास उधार माल देतो, त्याच शेतकऱ्यास किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज शेकडा सात दरानें, व मुदतींत फेडल्यास केंद्राच्या व्याजसवलतीमुळें शेकडा चार दरानें मिळूं शकतें. १९९८ सालापासून ही योजना चालू आहे. ज्यास चार टक्क्यांनीं पैसा मिळण्याजोगा आहे त्याच्यासाठीं आपण चोवीस टक्क्यांनीं कर्ज काढावें, यांत उपकारही नाहीं व व्यापारही नाहीं; कारण तें व्याज शेवटीं उधारीच्या वाढीव भावानें शेतकऱ्यावरच बसतें.

यास्तव मार्च-एप्रिलांतच प्रत्येक उधारीच्या गिऱ्हाइकास विचारावें कीं, बँकेचें जुनें पीककर्ज नवें करून घेतलें काय? सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक यांची जुळवाजुळव करण्यास त्याला मदत करावी. त्यांत एक दुपार जाईल. पण तो शेतकरी जूनमध्यें रोख घेऊन येईल. सर्वांस कर्ज मिळत नाहीं, हें आम्ही जाणतों. कोणाची जुनी थकबाकी असते, कोणाच्या सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतात, कोणी दुसऱ्याचें शेत मक्त्यानें करतो. अशांनाच उधारी राखून ठेवावी. जी उधारी सरसकट सर्वांस वाटली जाते ती खऱ्या गरजूच्या वांट्यास पुरेशी येतच नाहीं.

उधारी द्यावयाची ती मोजून. प्रत्येक खात्याची मर्यादा आधीं वहींत लिहावी, देण्याचा दिवस ठरवावा, व जुनें चुकतें झाल्यावांचून नवें देऊं नये. वेचणीच्या सुरवातीस आठवण द्यावी, शेवटीं नव्हे. पहिल्या वेचणीचा पैसा पहिल्या आठवण देणाऱ्यास मिळतो. 'उधारीचें पोतें सव्वा हात रितें' ही म्हण आपल्या पूर्वजांनीं व्याजाचा हिशेब करूनच रचली असावी.

मालाचीही तीच कथा. फळीवर पडून राहिलेलें पोतें म्हणजे व्याज खाणारा पाहुणाच होय. बियाण्यास तर मुदत असते. न खपलेलें बियाणें परत घेण्याची अट खरेदीच्या वेळींच कागदावर करून घ्यावी. आणि जून महिन्यावरच सारी भिस्त न ठेवतां हरभरा-गव्हाच्या हंगामास लागणारा माल, तुषार सिंचनाच्या नळ्या व त्यांचे सुटे भाग असें कांहीं दुकानांत असावें. त्यामुळें ऑक्टोबरपासून थोडा पैसा फिरता राहतो.

दुसरी गोष्ट व्याजाच्या दराची. व्याज नेहमीं व्याजाच्या नांवानेंच येतें असें नाहीं. समजा, घाऊक व्यापारी साठ दिवसांची मुदत देतो, आणि दहा दिवसांत रोख दिल्यास शेकडा तीन सूट देतो. पुष्कळांस मुदत फुकट वाटते. पण येथें ९७ रुपये आणखी पन्नास दिवस वापरण्यासाठीं आपण ३ रुपये मोजतों. वर्षाच्या मानानें हा दर शेकडा साडेबावीस होतो. बँकेकडून बारा टक्क्यांनीं उचल करून दहा दिवसांत पैसे टाकणें येथें उघड फायद्याचें आहे.

तसेंच 'सरसकट बारा टक्के' या शब्दांनीं फसूं नये. एक लाख रुपये बारा समान हप्त्यांनीं फेडावयाचे, व व्याज मात्र वर्षभर पुऱ्या लाखावर, अशा कर्जांत अर्ध्या वर्षांत जवळजवळ निम्मी मुद्दल परत गेलेली असते, तरी व्याज सबंध रकमेचें चालूच राहतें. त्याचा खरा दर एकवीस टक्क्यांवर जातो. कर्ज देणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा : "उरलेल्या मुद्दलावर व्याज किती?" व उत्तर लेखी मागावें.

हंगामी धंद्यास मुदतीच्या कर्जापेक्षां कॅश क्रेडिटचें खातें बरें. त्यांत जितकी रक्कम जितके दिवस उचललेली असेल तितक्याचेंच व्याज पडतें. पांच लाखांची मर्यादा व बारा टक्के दर धरला, तर वर्षभर पुरी उचल ठेवणारास ६०,००० रुपये व्याज. सरासरी दोन लाखांची उचल ठेवणारास २४,०००. म्हणून गल्ल्यांतील रोकड घरीं न ठेवतां रोजच्या रोज त्या खात्यांत भरावी. रात्रीं कपाटांत निजलेला पैसा आपल्याच कर्जाचें व्याज वाढवितो.

"पण बँक आम्हांस उभें कोठें करते?" असें वाचक विचारतील. बँकेस वही दिसली पाहिजे. नायक समितीच्या शिफारशीवरून रूढ झालेल्या रीतीप्रमाणें लहान उद्योगास वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या किमान शेकडा वीस इतकें खेळतें भांडवल बँकेनें द्यावें अशी अपेक्षा आहे. तीस लाखांच्या उलाढालीस सहा लाख. ज्याची निम्मी विक्री कच्च्या चिठ्ठीवर होते त्याची उलाढाल बँकेच्या लेखीं निम्मीच. सूक्ष्म व लघुउद्योगांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठीं तारण मागूं नये असा निर्देश रिझर्व्ह बँकेनें २०१० सालीं दिला. तत्पूर्वीं, २००० सालीं, अशा कर्जांस हमी देणारा न्यासही स्थापन झाला होता. २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांसही 'उद्यम' नोंदणी करून अग्रक्रमाच्या कर्जाचा लाभ घेतां येतो. ही माहिती हातांत घेऊन बँकेंत जावें, विनवणी करण्यास नव्हे.

ज्यांचा धंदा माल तयार करण्याचा आहे, त्यांस आणखी एक आधार आहे. यवतमाळजवळच्या लोहारा वसाहतींतील कारखानदार, छापखाना किंवा डाळ-गिरणी चालविणारा हे त्यांत येतात. २००६ च्या कायद्याप्रमाणें सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदारानें ठरलेल्या दिवशीं, व फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. लेखी करार नसल्यास १५ दिवसांत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देणें लागतें. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास मात्र ही तरतूद लागू नाहीं. मोठ्या कंपन्यांस व वणीकडील कोळसा खाणींसारख्या सरकारी उपक्रमांस माल देणाऱ्यांसाठीं बिलें वटविण्याच्या 'ट्रेड्स' या व्यवस्थेची चौकट रिझर्व्ह बँकेनें २०१४ मध्यें आंखून दिली. जुन्या हुंडीचाच हा नवा अवतार होय.

एक सावधगिरी. नोव्हेंबर २०२१ मध्यें यवतमाळच्या एका महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, व २०२२ मध्यें तिचा परवाना रद्द झाला. ठेवीस विम्याचें संरक्षण २०२० पासून एका बँकेंत एका ठेवीदारामागें पांच लाखांपर्यंत आहे. पण तो पैसा हातीं येईपर्यंत दुकान थांबत नाहीं. हंगामाचें सारें भांडवल एकाच ठिकाणीं ठेवूं नये.

आतां त्या भगिनीस आमचें उत्तर. नफा गेला कोठें, तर तो सात महिन्यांच्या व्याजांत गेला. यंदाचा मे येण्यापूर्वीं यजमानांसह एक संध्याकाळ वही घेऊन बसा. थकलेल्या खात्यांची यादी करा. ज्याच्या शेतांत पिकलें त्याकडे आधीं जा, आणि ज्याचें बुडालें त्यास हप्ते बांधून द्या. कोरड्या वर्षीं त्याच्या दारांत बसून राहिल्यानें पैसा येत नाहीं. या जिल्ह्यानें कर्जापायीं किती घरें उजाड झालेलीं पाहिलीं आहेत, तें आपणांस सांगावयास नको. घरखर्चास दुकानांतून दरमहा ठराविक रक्कम घ्या व गल्ल्यास एरव्हीं हात लावूं नका. पुढच्या हंगामाचा माल पाऊणपटच भरा. बँकेकडे अर्ज आतांच टाका, जूनमध्यें नव्हे.

एका वर्षांत पाटल्या कायमच्या कपाटांत राहतील असें वचन आम्ही देत नाहीं. परंतु यंदा दोघींपैकीं एक जरी घरीं राहिली, तरी पुढच्या वर्षाच्या व्याजांतील तितका वांटा वांचेल, आणि तोच दुसरीस सोडवून आणील. वहींत एक पान अधिक घाला व त्यावर 'व्याज' असा मथळा लिहा. तें पान यजमानांनीं भरावें, आणि महिन्याअखेर आपण वाचावें.