भेटीपुरता गेटपास

सदर : एमआयडीसीतून

बारामती एमआयडीसीत कॉलेजची बस शिरते ती बहुधा ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’साठी. गेटवर नावांची यादी, असेंब्ली लाइनच्या कडेने एक फेरी, शेवटी चहा-बिस्किटं आणि ग्रुप फोटो. पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो असे कारखाने इथे आणि विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग कॉलेज हाकेच्या अंतरावर. तरी प्राध्यापकांचं या शेडशी नातं भेटीपुरतंच.

ते किती पुढे जाऊ शकतं, हे मुंबई आयआयटीत दिसलं. मेकॅनिकलचे प्रा. शशिकांत सूर्यनारायणन यांनी 2007 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसोबत ‘सेडेमॅक’ ही कंपनी काढली. दुचाकीत इंजिन चालू करायला एक मोटर आणि बॅटरी चार्ज करायला दुसरं यंत्र, असं पूर्वापार चालत आलेलं. दोन्ही कामं एकाच यंत्राकडून करून घ्यायची, तर त्याचा फिरता भाग कुठे आहे, हे क्षणोक्षणी कळायला हवं. त्यासाठी वेगळा सेन्सर न लावता ते गणिताने काढायचं, ही या मंडळींची करामत. फळ्यावरचा कंट्रोल थिअरीचा तास कंट्रोलरच्या डबीत बसला आणि वाहन कंपन्यांना विकला जाऊ लागला.

आपल्याकडे अडतं कुठे? नियमात नाही. प्राध्यापकाने स्टार्टअपसाठी रजा घ्यावी, संस्थेने सुविधांच्या बदल्यात 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यावा, असं केंद्राचं 2019 चं धोरणच सांगतं. पण रजा कायम नोकरीवाल्याला. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचा तास बुडाला की मानधन बुडालं. तो कसली कंपनी काढणार? आणि जे कायम आहेत, त्यांची बढती शोधनिबंधांवर ठरते. कारखान्यातली अडचण सोडवली, याचे गुण किती, ते कुणी विचारत नाही.

म्हणून नव्या इनक्युबेशन सेंटरची फीत कापण्याआधी एक साधं काम करावं. दरवर्षी दोन-तीन प्राध्यापकांना सहा महिने पूर्ण पगारावर शॉप फ्लोअरला पाठवावं, त्यात तासिकावाल्यांनाही धरावं. त्यांनी क्वालिटीवाल्यांशेजारी बसून रिजेक्शनचा ढीग उपसावा. एकच पार्ट पुन्हा पुन्हा का बाद होतो, हे शोधताना धंद्याचा विषय हाती लागतो. त्याचं पहिलं गिऱ्हाईकही तिथेच उभं असतं. खर्च कारखाना आणि संस्थेने निम्मा-निम्मा उचलावा. सहा महिन्यांनी कंपनी निघाली नाही, तरी वर्गात शिकवायला जुन्या पुस्तकापलीकडचं काहीतरी येईल. तोटा कुणाचाच नाही.