आमच्या वाटेचं चित्र कुणी काढायचं?



बरेच दिवसांनी लिहिते आहे. गुडघा, दुसरं काय! असो.

परवा पुण्याहून भाचा आणि भाचेसून येऊन गेले. दोघं नुकतीच जपानची सहल करून आली आहेत. माझ्यासाठी एक भिंतीवरचं कॅलेंडर आणलं, हिरोशिगे नावाच्या चित्रकाराच्या चित्रांचं. भाचा म्हणाला, "आत्या, हे बघ, आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासारखा त्यांचा एक जुना रस्ता. त्याच्या एकेका मुक्कामाचं चित्र आहे! नाहीतर तुझी कळंबोली. आहे काय इथे? लोखंडाचा बाजार आणि ट्रेलर."

तेव्हा मी चहा ओतत होते, काही बोलले नाही. पण तो हा ब्लॉग वाचतो, तेव्हा आता ऐक म्हणावं.

ती चित्रं मी चार दिवस भिंग घेऊन पाहिली. एडो म्हणजे आजचं टोकियो. तिथून क्योटोपर्यंतच्या रस्त्याला तोकाइदो म्हणत. वाटेत त्रेपन्न मुक्काम. तिथे घोडे बदलायचे, हमाल मिळायचे, रात्रीला धर्मशाळा-खानावळी. हिरोशिगे 1832 साली त्या वाटेने गेला आणि पुढच्या एकदोन वर्षांत त्याची चित्रमाला छापून निघाली. चेरीच्या लाकडाचे ठसे, दर रंगाला वेगळा ठसा. साध्या माणसाला विकत घेता येतील अशी चित्रं.

आणि त्यात आहे काय? शोनो नावाच्या मुक्कामाजवळ वळवाचा पाऊस कोसळतोय आणि पालखीचे भोई चढावर मान खाली घालून पळताहेत. गोयू नावाच्या गावात खानावळीच्या बायका वाटसरूंना अक्षरशः ओढून आत नेताहेत. (आपल्या एसटी स्टँडवरचे रिक्षावाले आठवले!) मारिकोला दोन प्रवासी टपरीवजा हॉटेलात बसून खाताहेत. राजा नाही, देव नाही, लढाई नाही. घाम आहे, भूक आहे, चिखल आहे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे असा रस्ता नव्हता? अरे, तू ज्याच्यावरून गाडी हाकत आलास तोच! रेल्वे येण्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला कसा जायचा? होडीत बसून पनवेलच्या बंदरात उतरायचा. तिथून पालखी, तट्टू, बैलगाडी, नाहीतर आपले दोन पाय. चौक, खालापूर, खोपोली. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ, तिथे अंग धुवून बोरघाट चढायचा तो खंडाळ्याला. 1825 साली बिशप हेबर याच वाटेने गेले, त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. 1830 साली घाटातला गाडीरस्ता झाला, म्हणजे हिरोशिगे आपल्या वाटेला लागला त्याच्या दोनच वर्षं आधी! 1863 साली घाटात आगगाडी आली आणि पनवेलचं ते महत्त्व ओसरलं. कळंबोली याच पनवेलच्या अंगणात आहे, आणि एक्सप्रेसवे सुरू होतो तो इथूनच.

मग रस्ता होता, मुक्काम होते, माणसं होती. चित्रं कुठे आहेत? आहेत ना, साहेबाने काढलेली! ग्रिंडले नावाच्या इंग्रजाच्या 1826 ते 1830 च्या ग्रंथात बोरघाट आहे. पण साहेबाला हवा होता डोंगर. दरी, धुकं, उन्हाची तिरीप. माणसं मुंगीएवढी, डोंगर किती मोठा ते कळावं म्हणून उभी केलेली. भोयाच्या खांद्याला घट्टा पडला होता का, हे त्यातून कळत नाही.

आणि आपण? "आपल्याकडे गरिबी होती, छापखाने नव्हते" हे मला कुणी सांगू नये. राजा रविवर्म्याचा छापखाना 1899 मध्ये मुंबईहून हलला तो कुठे? लोणावळ्यापुढे मळवलीला. म्हणजे याच वाटेवर! तिथून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती घरोघर गेल्या. माझ्या माहेरीही लक्ष्मी होती, आई रोज तिला फूल वाहायची, तेव्हा मी रविवर्म्याला नावं ठेवते आहे असं समजू नका. पण स्वस्त चित्र छापायची सोय होती, विकत घेणारी घरं होती, आणि खिडकीबाहेर घाट होता. तो घाट चढणारा हमाल मात्र भिंतीवर लावण्यासारखा कुणालाच वाटला नाही. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसं काढली, तो मान त्यांना द्यायलाच हवा. पण पनवेल-खंडाळ्याची अशी चित्रमाला? मला तरी कधी दिसली नाही.

म्हणून मग काय होतं, तर 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, घाटातला अमृतांजन पूल पाडला. 1830 चा पूल! दोन दिवस व्हॉट्सॲपवर हळहळ. काय पाठवलं लोकांनी? पूल पाडल्याचे फोटो आणि "आमच्या लहानपणी इथे गाडी थांबायची". त्यापलीकडे आठवायला कुणाकडे काही नव्हतंच. जपानात त्सुमागो नावाचं असंच एक मुक्कामाचं गाव आहे, दुसऱ्या जुन्या रस्त्यावरचं. तिथल्या गावकऱ्यांनी 1971 साली ठरवलं की जुनी घरं विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, पाडायची नाहीत. हिरोशिगेने तेही गाव काढलं होतं. चित्रामुळेच घरं वाचली असं मी म्हणत नाही. पण आपलं गाव कुणीतरी बघण्यासारखं मानलं होतं, हे ठाऊक असलेला माणूस कुदळ उचलताना थोडा थांबत असेल.

आता माझंच पाप सांगते. शाळेत असताना चित्रकलेचे सर रजेवर गेले की त्यांचे तास माझ्याकडे यायचे. 'पावसाळ्यातील दृश्य' असा विषय दिला होता. चाळीस मुलांनी तीन डोंगर, मधून नदी, एक झोपडी आणि छत्रीवाला मुलगा काढला. एका मुलाने ट्रेलरची रांग काढली. खाली ताडपत्री बांधून ड्रायव्हर स्टोव्हवर पोळ्या भाजताहेत, क्लीनर चाकाशी उकिडवा बसलाय, वरून पावसाच्या तिरक्या रेघा. मी काय म्हणाले? "हे काय काढलंस? काहीतरी छान काढ!" आणि दहापैकी तीन मार्क दिले. लाल पेन्सिलीने.

शोनोच्या त्या चित्रातही पावसाच्या रेघा तिरक्याच आहेत. ते पान उलटलं तेव्हा माझा हात थांबला.

शाळा बदलल्या असतील असं वाटत होतं. शेजारची छोटी यंदा चित्रकलेच्या परीक्षेला बसते आहे. तिची वही पाहिली. तीन डोंगर, नदी, झोपडी! कळंबोलीत जन्मलेली पोर, हिने झोपडी पाहिली कधी? मी म्हटलं, हे ठेव बाजूला आणि खिडकीतून दिसतंय ते काढ. तिची आई जरा नाराज दिसली. परीक्षेत चालेल का, म्हणाली. चालणार नाही कदाचित, मी तरी कुठे चालवून घेतलं होतं?

पोरीने मात्र कागद घेतला आणि विचारलं, "आजी, ट्रेलरला चाकं किती काढू?"

मला सांगता येईना. चष्मा घेऊन आम्ही दोघी खाली मोजायला गेलो.